दिसतं सगळं, कारण कोण सांगणार?

१९०१ सालच्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर लहान मुलांचा एक घोळका गाडीतून उतरला. अंगात नवे सदरे, डोक्यावर चमकत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, पायांत कोरे बूट. वडील दूर, दुष्काळी कामावर खोदल्या जाणाऱ्या तलावापाशी खजिनदार होते. त्यांना पाठवलेलं पत्र पोचलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. बराच वेळ गेला तशी पोरं कुणाची म्हणून स्टेशनमास्तर चौकशीला आले. कपडे आणि बोलणं पाहून त्यांना ही ब्राह्मणाची मुलं वाटली. आम्ही महार, असं मुलांच्या तोंडून सहज निघून गेलं आणि मास्तरांचा चेहरा पालटला; ते तसेच माघारी गेले. मग भाड्याची बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक गाडीवान तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री नाक्यावर पाणी मागितलं, मिळालं नाही. बरोबर भरपूर खाणं होतं, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरणार कसं? मुलं उपाशीच झोपली. त्यांतला एक, नऊ-दहा वर्षांचा, भीमराव आंबेडकर.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत बाबासाहेबांनी हा प्रवास लिहून ठेवला आहे. आपण तो बहुधा समाजाच्या निर्दयपणाचा दाखला म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण या पुस्तकाच्या दृष्टीने त्याच लेखनातला दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. आपण अस्पृश्य आहोत हे त्या मुलाला प्रवासाच्या आधीच ठाऊक होतं. शाळेत बसायला स्वतःचं गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी ते घरी आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर शिपाई येऊन नळ सोडेल तेव्हा पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. न्हावी केस कापणार नाही, म्हणून थोरली बहीण कापणार. धोबी कपडे धुणार नाही. साताऱ्यात न्हावी-धोबी नव्हते अशातला भाग नाही, द्यायला पैसे नव्हते असंही नाही, हेसुद्धा त्या पोराला नेमकं कळलेलं होतं. पैशाचा हिशोब वेगळा आणि जातीचा वेगळा, हे त्याच्या डोक्यात स्वच्छ होतं. कपड्यांवरून फसले ते मोठे, शिकलेले स्टेशनमास्तर.

मग त्या प्रवासाने नवं काय दिलं? त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, तोवर हे सगळं ते जगरहाटी म्हणून धरून चालले होते. त्या धक्क्यानंतर पहिल्यांदा ते या गोष्टीचा विचार करू लागले. काय चाललंय ते आधीपासून पक्कं माहीत होतं; का चाललंय, हा प्रश्न फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून उगवला. मुलांना दिसणं आणि मुलांना कारण कळणं यांत जे अंतर पडतं, त्याबद्दल हे पुस्तक आहे.

अंगणवाडीच्या सेविका, बालवाडीच्या ताया, पहिली-दुसरीचे शिक्षक आणि तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे पालक हे त्याचे वाचक. यांपैकी कुणाशीही या विषयावर बोलायला जा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: एवढ्याशा लेकरांना कसली जात आणि कसली गरिबी, ती सगळी एकत्र खेळतात. एकत्र खेळतात हे खरं आहे. कशी खेळतात ते जरा जवळ बसून पाहावं.

पुण्यातल्या एका बालवाडीत भातुकली मांडली होती. साडेचार वर्षांची एक चुणचुणीत मुलगी आई झाली. तिने बाबा नेमला, आजी नेमली, आणि एकीला सांगितलं, तू मावशी, तू भांडी घास. मावशी झालेली मुलगी निमूट कोपऱ्यात जाऊन भांडी विसळायला लागली. मग चहा झाला. आईने सगळ्यांना फुलाफुलांच्या प्लॅस्टिकच्या कपांतून चहा दिला, आणि मावशीसाठी उठून खिडकीतला एक स्टीलचा पेला आणला. ताईंनी विचारलं, का गं, तिला कप का नाही? मुलीला प्रश्नच समजेना. मावशीचा तोच असतो, ती म्हणाली आणि बिस्किटं वाटायला लागली. तिकडे मावशीने खोटाखोटा चहा संपवला, पेला आपला आपण विसळला आणि खिडकीत पालथा घातला.

त्या मुलीच्या आईला कुणी विचारलं असतं तर तिने शपथेवर सांगितलं असतं की आम्ही घरात असला भेदभाव कधीच शिकवलेला नाही. ते खोटंही ठरलं नसतं. शिकवलं कुणीच नव्हतं. पेला ओट्याच्या कडेला रोज पालथा असायचा, एवढंच. वयाने आजीच्या बरोबरीच्या वॉचमनला घरातले सगळे अरेतुरे करतात आणि बाबांच्या साहेबांना अहोजाहो, हेही असंच. मुलाला बोललेलं ऐकू येतं त्याच्या कितीतरी आधी घरातली मांडणी वाचता येते: कोण कुठे बसतं, कोण चपला कुठे काढतं, कुणाचं ताट कुठल्या फळीवर, कोण आल्यावर दिवाणखान्यातलं बोलणं थांबतं.

मानसशास्त्राने हे निरनिराळ्या देशांत तपासून पाहिलं आहे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४०च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. यातली चांगली कुठली, खेळायला कुठली आवडेल, असे साधे प्रश्न. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. शाळांतलं वर्णविभाजन बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन खटल्यात हे काम पुराव्यादाखल पुढे आलं. आपल्याकडची नोंद ताजी आहे. यॅरो डनहॅम, महेश श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली भारतातल्या हिंदू आणि मुस्लिम मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनातला कल मुलाच्या नकळत टिपणाऱ्या चाचण्या त्यांनी वापरल्या होत्या. धर्माच्या बाबतीत हिंदू मुलांचा ओढा हिंदूंकडे, मुस्लिम मुलांचा मुस्लिमांकडे. त्यात आश्चर्य नाही. जातीचं मात्र वेगळं निघालं. वरच्या जातींच्या मुलांचा कल वरच्या जातींकडे होताच, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांचाही तिकडेच होता. मुस्लिम मुलाला निदान आपल्या माणसांचा भरवसा उरतो. जातीच्या उतरंडीत खाली जन्मलेल्या मुलाच्या मनातून तोही काढून घेतलेला असतो. खिडकीतल्या पेल्यातून चहा पिणाऱ्या त्या छोटीला काही खटकलं नाही, याचा अर्थ तिला काही समजलं नाही असा घेऊ नये.

गरिबीबद्दल मुलं काय विचार करतात यावरचं एक मोठं काम रॉबर्ट लेही या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं, १९८१चं. श्रीमंत माणसं कशी असतात, गरीब कशी असतात, असं त्याने सहा वर्षांच्या मुलांपासून सतरा वर्षांच्या तरुणांपर्यंत विचारलं. लहान मुलं दिसणाऱ्या गोष्टी सांगतात: घर, गाडी, फाटके कपडे. अकराच्या आसपास माणसाच्या स्वभावावर येतात: तो कष्टाळू, हा आळशी. समाजाची घडीच तशी आहे, हा विचार आला तर पौगंडावस्थेत येतो, आणि सगळ्यांनाच येतो असं नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत चार-पाच वर्षांची मुलं चांगल्या वस्तू असलेल्या अनोळखी मुलाला जास्त पसंती देताना आढळली. ज्याच्याकडे जास्त, तो जास्त चांगला, असा तो सरळ जमाखर्च.

हे सगळं मी आदराने वाचलं आहे, पण माझी एक तक्रार आहे. या पायऱ्यांचं मोजमाप मुख्यतः अशा मुलांवरून झालं ज्यांच्यासाठी गरिबी हे चित्रातलं माणूस असतं. ती ज्यांच्या घरात राहते त्यांना विचारलं तर उत्तर वेगळं येतं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत संसार, पहाटे फडावर, रात्री गाडी भरायची. ज्या मुलांना आजी-आजोबांकडे किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवता येत नाही ती बरोबर येतात. सहा-सात वर्षांची झाली की धाकट्याला सांभाळतात, वाढ्याच्या पेंढ्या बांधतात. अशाच एका तळावर सात वर्षांच्या एका पोराला विचारलं, तुम्ही दरवर्षी इकडे का येता रे? त्याने मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. उचल फिटत नाही. आजीच्या दवाखान्याला पैसे घेतले होते. पाऊस पडला नाही, कापूस गेला. औंदा फिटली तरी ताईच्या लग्नाला परत घ्यावी लागणार. मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय ते बापाला वाचता येत नाही, म्हणून हा वाचायला शिकणार होता.

कर्ज, आजारपण, पाऊस, लग्न, निरक्षरता. शहरातल्या अकरा वर्षांच्या मुलाला गरिबीचं कारण विचारलं तर तो आळसावर बोट ठेवेल. या सात वर्षांच्या पोराच्या उत्तरात आळस कुठेच नव्हता. त्याने आपल्या आईला पहाटे तीनला उठताना पाहिलेलं होतं. वय वाढल्याने समज वाढते हे बरोबर, पण माणूस कुठल्या जागी उभा आहे यानेही ती ठरते. मुक्ता साळवे ही जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. दुःखाचं नुसतं वर्णन करून ती थांबत नाही. हे दुःख कुणी आणि कशाच्या आधारावर लादलं, असं धर्माच्या ठेकेदारांना भर बाजारात विचारावं तसं विचारते. त्याआधी तीनेक वर्षं तिला अशी शाळा मिळाली होती जिथे कारणांबद्दल बोलायला बंदी नव्हती.

आपल्या शाळा गप्प असतात, पण त्या स्वस्थ बसलेल्या नसतात. रेबेका बिगलर या अमेरिकी संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. सुट्टीतल्या शाळेत प्राथमिक वयाच्या मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट वाटले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगाचा उल्लेखही केला नाही. काही वर्गांत मात्र रंगावरून रांगा, रंगावरून बसायच्या जागा, निळ्यांनो इकडे या, पिवळ्यांनो तिकडे जा. कुणाला चांगलं-वाईट म्हटलेलं नव्हतं. तरी काही आठवड्यांत या दुसऱ्या वर्गांतल्या मुलांना आपला रंग जास्त हुशार, जास्त चांगला वाटायला लागला. रंगाकडे शिक्षकांनी दुर्लक्ष केलं होतं त्या वर्गांत तसं झालं नाही. मोठ्या माणसाने एखादी ओळ आखली की ती महत्त्वाची असणार असं मुलं धरून चालतात, आणि ती का महत्त्वाची याचं कारण स्वतःच तयार करतात.

हे वाचताना कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला गणवेश आठवेल. कित्येक वर्षं आपल्याकडे मोफत गणवेश सगळ्या मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचा. उरलेल्या मुलग्यांना नाही. एका बाकावरच्या दोघांपैकी एकाला कोरा शर्ट, दुसरा हात हलवत घरी. आणि पुष्कळदा दुसऱ्याचं घर पहिल्याइतकंच ओढगस्तीचं. योजनेमागचा हेतू रास्त होता, पण वाटप वर्गात व्हायचं. यादी वाचली जायची, ज्यांची नावं त्यांनी उभं राहायचं. सहा वर्षांच्या मुलाला शेकडो वर्षांचा इतिहास कुणी सांगितलेला नसतो. त्याला दिसतं ते एवढंच की सरकार याला देतं, मला देत नाही. उभ्या राहिलेल्याला दिसतं ते वेगळं: सगळा वर्ग आपल्याकडे पाहतोय. पुढे महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आरक्षणावरून जी भांडणं होतात, त्यांतली निम्मीअधिक पहिलीच्या वर्गात पेरलेली असतात, असं माझं मत आहे. २०२३-२४पासून राज्याने गणवेश सगळ्यांनाच द्यायचं ठरवलं, ते बरं झालं. यादी मोठ्याने वाचायची सवय मात्र शिष्यवृत्तीच्या अर्जांपासून बँक खात्यांपर्यंत अजून जिवंत आहे. जनरल रजिस्टरात जातीचा रकाना लागतो, योजना पोचवायला लागतोच. तो भर वर्गात वाचून दाखवायला कुठलाही शासन निर्णय सांगत नाही.

वाचून दाखवल्याने काय होतं, हे कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत दाखवून दिलं. सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात कुणी विचारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुलं बरोबरीने कोडी सोडवत होती. मग मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जात असं सगळ्यांसमोर पुकारलं. खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी तिथल्या तिथे घसरली. कोडी तीच होती, मुलंही तशीच.

आता घराकडे येतो, कारण तिथलं गप्प बसणं जास्त गुंतागुंतीचं असतं. सिग्नलला गाडी थांबते, काचेवर एक मुलगी टकटक करते, मागच्या सीटवरून प्रश्न येतो: ती शाळेत का नाही? आई-बाबांपैकी एकजण नाणं शोधतो, दुसरा गाणं लावतो. घरी आल्यावर प्रश्न येतो: मावशींची मुलगी आपल्या सोफ्यावर का बसत नाही? उत्तर मिळतं, असं बोलू नये. मुलाला त्यातून कळतं की हा विषय काहीतरी घाणेरडा आहे. आपल्या शांततेचं समर्थन आपण मुलाच्या वयावर ढकलतो, पण पाच वर्षांच्या मुलाला समजेल असं खरं उत्तर अवघड मुळीच नसतं: मावशींना पैसे कमी मिळतात, कारण कामाला ठेवणारी माणसं कमी देतात. यापुढचा प्रश्न मूल लगेच विचारणार, आपण किती देतो? तिथे गाडी अडते. कारणाची वाट आपल्याच घरातून जाते, म्हणून ती दाखवायला नको वाटते.

याला चांगली माणसंही अपवाद नाहीत. 'श्यामची आई'मध्ये एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी पडलेल्या म्हाताऱ्या महार बाईच्या मदतीला जायला आई श्यामला सांगते, आणि परत आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळातल्या, त्या घरातल्या बाईने एवढं धाडस करावं हे मोठंच. साने गुरुजींनी पुढे मे १९४७मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून उपोषण केलं, त्याची मुळं अशा शिकवणीत असतील. पण मूल दोन्ही धडे घेतं. माणसाला मदत करावी, हा एक. तिला शिवल्यावर विहिरीवर जावं, हा दुसरा. आपल्या घरांत आज आंघोळ उरली नसली तरी दुसरा धडा निरनिराळ्या रूपांत उरलेला आहे, आणि पहिल्याच्या अभिमानात तो आपल्याला दिसत नाही. वाढदिवसाला अनाथाश्रमात जाऊन जुने कपडे वाटण्याचा कार्यक्रम घ्या. मुलाच्या हातून वाटप, बरोबर फोटो, नंतर केक. मुलाला त्या दुपारी कळतं ते असं की गरीब म्हणजे घेणारे आणि आपण म्हणजे देणारे, आणि देणाऱ्याने हसऱ्या चेहऱ्याने उभं राहायचं असतं. करुणा वाईट नसते, पण या वयात कारणाशिवाय पाजली तर तिचा मोठेपणा व्हायला वेळ लागत नाही.

गोष्टींचीही हीच कथा. आटपाट नगरात एक गरीब ब्राह्मण असतो, रानात एक गरीब लाकूडतोड्या असतो. हे लोक गरीब का, असं कुठल्याच गोष्टीत कुणी विचारत नाही. ते प्रामाणिक असतात, देव प्रसन्न होतो, शेवटी हंडाभर मोहरा मिळतात. गरिबी पहिल्या वाक्यात येते ती हवामानासारखी, आणि जाते ती चमत्काराने. या गोष्टी मला आवडतात, त्या बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या शेजारी दुसऱ्या प्रकारची पुस्तकं ठेवायला हवीत, जिथे भाडं थकतं, कारखाना बंद पडतो, बाबांचं काम सुटतं आणि त्यात कुणाच्या स्वभावाचा दोष नसतो. चमत्कारावरचा विश्वास पुढे कुठे नेतो ते नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त आहे. जब्याला वाटतं जीन्सची पँट मिळाली तर वर्गातली शालू आपल्याकडे पाहील, काळ्या चिमणीची राख मिळाली तर ती आपलीच होईल. मसूरच्या फलाटावरचे कोरे बूट आणि जब्याला हवी असलेली पँट यांत शंभराहून अधिक वर्षांचं अंतर आहे. कपड्याने जात झाकता येईल, हे दुकानदारांनी आणि जाहिरातींनी मधल्या काळात शिकवलेलं आहे.

वेगळं काही घडलेलंच नाही असं कुणी समजू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्याच वर्षी तिथे आल्या. बालवाडीत गावच्या हरिजन वस्तीतली मुलं येईनात. त्यांना समजावत बसण्याऐवजी ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना ती. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेने ते नाव देशभर नेलं. नावाबरोबर मूळचा हेतू किती गेला, हा प्रश्न प्रत्येक गावाने आपल्या अंगणवाडीचं ठिकाण पाहून स्वतःला विचारावा. ती कुणाच्या आळीत आहे, कुणाची मुलं तिथे येत नाहीत आणि खिचडी कोण शिजवतं, एवढं पाहिलं तरी पुरे.

दुसरा प्रयत्न कायद्याचा. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांतल्या प्रवेशवर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. शहरांत याचा अर्थ योजना जवळपास गुंडाळणं असाच होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्द केला. त्या काळातली चर्चा आठवते. फी कोण भरणार, सरकारकडून परतावा वेळेवर का येत नाही (शाळांची ही तक्रार खोटी नव्हती), आणि आलेली मुलं तिथे टिकतील का. आधीपासून तिथे असलेल्या मुलांचं यात काय होणार, हे फारसं कुणी विचारलं नाही.

त्याचं उत्तर उपलब्ध होतं. दिल्लीतल्या उच्चभ्रू खासगी शाळांना २००७पासून काही गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांकडे पाहिलं. वर्गात गरीब सोबती असलेली मुलं जास्त उदार झाली, समाजोपयोगी कामात जास्त पुढे येऊ लागली, आणि अभ्यासाचं नुकसान झालं म्हणावं असं फारसं काही दिसलं नाही. सगळ्यांत बोलकी होती ती रिलेची शर्यत. संघात घ्यायचं कुणाला: वेगाने धावणारा गरीब शाळेतला मुलगा, की सावकाश धावणारा आपल्यासारखा? बक्षीस लहान असलं की बरीच मुलं आपल्यासारख्याला घेऊन हरायला तयार होती. वर्गात गरीब मुलांबरोबर बसलेल्यांनी हा वेडेपणा कमी केला. एकत्र बसण्याने झालं ते एवढंच, की समोरच्याचा वेग दिसायला लागला.

एकत्र बसवलं की काम झालं, असा मात्र या पुस्तकाचा दावा नाही. पंचवीस टक्क्यांतली मुलं एका तुकडीत काढणाऱ्या, त्यांना सहलीच्या यादीतून हळूच गाळणाऱ्या शाळा आपल्याकडे आहेत. डब्याच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतं, हे शिक्षकांनी ठरवायचं की मुलांवर सोडायचं, यावर हे पुस्तक तयार करणाऱ्या आमच्या गटातच शेवटपर्यंत एकमत झालं नाही; दोन्ही बाजू पुढे दिल्या आहेत.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. पहिल्या भागात मुलांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे आहेत, बोलीसकट, आणि प्रत्येकाखाली पाच वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलाला देता येतील अशी दोन उत्तरं. ती घोकून म्हणायची नाहीत. ज्या प्रश्नांना आम्हाला खरं उत्तर सुचलं नाही त्यांखालची जागा कोरी सोडली आहे. वाचकांनी ती भरून पाठवली तर पुढच्या आवृत्तीत घेऊ. दुसरा भाग वर्गातल्या नेहमीच्या कामांचा: हजेरी, रांगा, यादी, वाटप, वाढदिवस, स्नेहसंमेलन. भातुकलीचं प्रकरण तायांना आवडेल, पालकांना कदाचित टोचेल. तिसऱ्या भागात गोष्टी आहेत, वाचून दाखवायला सोप्या जाव्यात म्हणून मोठ्या टायपात. मुलांची नावं आणि शाळांची नावं कुठेही दिलेली नाहीत.

शिक्षकांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, जून महिन्यात तोच आधी लागतो. पालकांनी पहिल्या भागातले प्रश्न मुलाबरोबर बसून वाचू नयेत, आधी एकट्याने वाचावेत.